विद्यार्थ्यांच्या माहितीसाठी अध्यादेश काढा: राज्यातल्या विद्यापीठांना खुले पत्र

प्रति,
मा. कुलगुरू, व्यवस्थापन परिषदेचे आणि माहिती तंत्रज्ञान मंडळाचे सदस्य,
महाराष्ट्रातील सर्व सार्वजनिक विद्यापीठे

सप्रेम नमस्कार.

एक मागणी घेऊन हे पत्र लिहिते आहे. विद्यार्थ्यांकडून कोणती माहिती घ्यायची, ती कुणाच्या ताब्यात राहील, कुणाला दाखवायची आणि कधी नष्ट करायची, हे ठरवून देणारा अध्यादेश, म्हणजे विद्यापीठाचा स्वतःचा नियम, प्रत्येक विद्यापीठाने काढावा. तो निघेपर्यंत हजेरी, परीक्षा किंवा प्रवेशासाठी कोणतीही नवी प्रणाली विकत घेऊ नये.

मी तालुक्याच्या गावी एका अनुदानित महाविद्यालयात शिकवते. शिकवण्याबरोबर प्रवेश समिती, शिष्यवृत्ती आणि परीक्षा विभागाचं काम आमच्यातल्या बहुतेकांच्या वाट्याला येतं, तसं माझ्याही आलं. त्यामुळे विद्यापीठाच्या परिपत्रकात ‘ऑनलाइन भरून घ्यावे’ एवढंच लिहिलेलं असतं, तेव्हा खाली प्रत्यक्षात काय होतं ते रोज पाहते.

बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आलेल्या मुलाची फाइल उघडून पाहा. बारावीची गुणपत्रिका, टीसी, आधार कार्ड, रेशन कार्ड, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जातवैधता, बँक पासबुकाचं पहिलं पान, फोटो, सहीचा नमुना, आईचं नाव, वडिलांचा व्यवसाय, रक्तगट, घरच्या दोघा-तिघांचे मोबाइल नंबर. एवढ्या कागदांवर कुणाच्याही नावाने सिम काढण्याचा किंवा एखाद्या ॲपवरून कर्ज उचलण्याचा प्रयत्न करता येतो. यातलं बरंच काही शिष्यवृत्तीसाठी लागतं, हे मान्य. पण ते सगळं विद्यार्थी महाडीबीटीवर, म्हणजे शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, स्वतः अपलोड करतो. तरी महाविद्यालय त्याच्या झेरॉक्स घेतं, विभागप्रमुख वेगळी गूगल शीट भरून घेतात, नॅकसाठी, म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेसाठी, तिसरी यादी होते, राष्ट्रीय सेवा योजनेसाठी चौथी. या याद्या कुणी एकत्र ठेवत नाही आणि कुणी पुसतही नाही. दहा वर्षांपूर्वी पास होऊन गेलेल्या मुलींचे फोन नंबर आजही कुणाच्या ना कुणाच्या पेन ड्राइव्हमध्ये आहेत.

नॅकचं तर वेगळंच आहे. मूल्यांकनासाठी पुरावे जोडायचे म्हणून कित्येक महाविद्यालयांनी प्रवर्गनिहाय विद्यार्थ्यांच्या पूर्ण याद्या स्वतःच्या संकेतस्थळावर पीडीएफ करून टाकलेल्या आहेत. नाव, वर्ग, प्रवर्ग, काही ठिकाणी पत्ता आणि फोनसुद्धा. समितीला आकडा हवा होता, आम्ही माणसं टांगली. आपला प्रवर्ग वर्गात सांगायचा की नाही, कधी आणि कुणाला सांगायचा, हे त्या मुलाने ठरवायचं असतं. वसतिगृहात खोली मिळवताना, भाड्याने घर शोधताना या माहितीचं काय होतं हे महाराष्ट्रात राहणाऱ्या कुणाला वेगळं सांगायला नको. ती पीडीएफ पास होऊन गेल्यावरही त्याच्या नावाने शोधली की सापडते.

माझ्या वर्गातल्या एका मुलीचं उदाहरण सांगते. अर्जातल्या चुका दुरुस्त करायच्या म्हणून फोटो आणि नंबरसकट अख्ख्या वर्गाची यादी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली गेली होती. चार-सहा दिवसांत तिला अनोळखी नंबरांवरून मेसेज सुरू झाले, मग रात्री फोन. घरच्यांनी कॉलेज बंद करण्याची भाषा काढली, ती तिने कशीबशी परतवली आणि सिम बदललं. पण जुना नंबर आधारला जोडलेला होता. शिष्यवृत्तीच्या अर्जाचा ओटीपी त्या बंद सिमवर जात राहिला. आधार केंद्रात नवा नंबर जोडून घेईपर्यंत अर्जाची मुदत संपली होती. तिची त्या वर्षाची शिष्यवृत्ती गेली. यादी टाकणाऱ्या माणसाचा हेतू वाईट नव्हता. मुलांचं काम लवकर व्हावं म्हणूनच त्याने ती टाकली होती. नियमच नव्हता, त्यामुळे त्याने काय मोडलं हेही सांगता येईना.

इथे कार्यालयातल्या लोकांच्या बाजूनेही बोललं पाहिजे. शिक्षकेतर पदं वर्षानुवर्षं भरलेली नाहीत. शिष्यवृत्तीचं टेबल सांभाळणारा क्लार्क एकटा असतो, पोर्टल संध्याकाळी चालतं म्हणून तो घरून काम करतो, स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या डेटावर. त्याला दोष देऊन हा प्रश्न सुटणार नाही. त्याला विद्यापीठाने ना सुरक्षित जागा दिली, ना लेखी सूचना.

आणि महाविद्यालयाच्याही आधी एक टप्पा आहे, तो तुमच्या सभागृहातून दिसत नसावा. प्रवेशाचे आणि परीक्षेचे फॉर्म फोनवर धड उघडत नाहीत. फोटो इतक्या केबीचा, सही तितक्या केबीची, दाखला पीडीएफमध्येच हवा. खेड्यातल्या मुलाकडे फोन आहे, लॅपटॉप नाही. मग तो एसटी स्टँडजवळच्या सायबर कॅफेत जातो. कॅफेवाला सगळे कागद व्हॉट्सॲपवर मागवून घेतो, खातं तोच काढतो, पासवर्ड तोच ठरवतो. रांगेतल्या सगळ्यांना एकच पासवर्ड, लक्षात राहायला सोपा. तो वहीत लिहिलेला असतो, कारण हॉलतिकीट काढायला मुलं पुन्हा त्याच्याकडेच येणार असतात. कॅफेवाले गावातलेच असतात आणि बहुतेक जण मनापासून मदत करतात. पण ज्या वहीत शेकडो विद्यार्थ्यांची लॉगिनं आहेत, ती वही हा आज तुमच्या विद्यापीठाच्या माहिती व्यवस्थेचा भाग आहे, तुम्ही मान्य करा अथवा करू नका. फोनवर सहज भरता येणारा फॉर्म बनवणं हा सोयीचा मुद्दा वाटतो, पण मला तो सुरक्षेचा पहिला मुद्दा वाटतो.

आता कायद्याकडे येते. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितलं. त्यानंतर सहा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले. संस्थांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला नियमांत अठरा महिने दिले आहेत, म्हणजे मे २०२७. विद्यापीठाच्या कामकाजात अठरा महिने म्हणजे काय हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तीन परीक्षा, दोन प्रवेश, आणि संपलं.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात. माहिती गोळा करणारी संस्थाच जबाबदार. तिने कंपनीशी काहीही करार केलेला असो, कंपनीने केलेल्या चुकीची जबाबदारी संस्थेचीच. सुरक्षेची पुरेशी काळजी घेतली नाही आणि माहिती फुटली, तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड. फुटल्याचं कळवलं नाही तर २०० कोटींपर्यंत. डेटा संरक्षण मंडळाला आणि ज्यांची माहिती फुटली त्या प्रत्येकाला विनाविलंब कळवायचं, आणि मंडळाला ७२ तासांत तपशील द्यायचे. याशिवाय सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेचे एप्रिल २०२२ चे निर्देश आहेतच. त्यानुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. सहा तासांत! आमच्या महाविद्यालयाचं ई-मेल खातं हॅक झालं तर पहिला फोन कुणाला करायचा, हे आज आमच्यापैकी एकालाही सांगता येणार नाही.

मात्र हा कायदा आला म्हणजे विद्यार्थ्याचं भलं होईल, असं मला वाटत नाही, आणि विद्यापीठाच्या स्वतःच्या नियमाची गरज इथेच आहे. दंडाची रक्कम जाते भारताच्या एकत्रित निधीत. ज्या मुलीला सिम बदलावं लागलं, तिला त्यातला रुपया मिळत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३अ मध्ये नुकसानभरपाईची तरतूद आहे. तीही कंपन्या, फर्म अशा व्यावसायिक संस्थांपुरतीच, आणि नवा कायदा पूर्ण लागू होताना ते कलमच वगळलं जाणार आहे. तक्रार करायची तर आधी संस्थेकडेच करावी लागते, तिथलं उत्तर यायला ९० दिवसांपर्यंत लागू शकतात, मग मंडळाकडे. शिवाय तक्रार खोटी किंवा क्षुल्लक ठरली तर तक्रारदारालाच दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. अठरा-एकोणीस वर्षांच्या, पहिल्या पिढीत कॉलेजला आलेल्या मुलाने हा रस्ता चालून जावा, अशी अपेक्षा कुणी धरू नये. त्याच्यासाठी दार महाविद्यालयातच हवं: एक नाव, एक नंबर, सूचना फलकावर लावलेला, आणि उत्तराची मुदत ९० नव्हे, १५ दिवसांची.

संमतीबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण प्रत्येक नव्या प्रणालीच्या सादरीकरणात ‘विद्यार्थ्यांची संमती घेतलेली असते’ हे वाक्य असतंच. चौकटीत टिक केल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही, फॉर्म पुढे सरकला नाही तर परीक्षेला बसता येत नाही. अशा टिक करण्याला संमती म्हणणं मला मान्य नाही. युरोपातल्या नियामकांनाही ते मान्य झालेलं नाही. मिलानच्या बोकोनी विद्यापीठाने करोनाकाळात परीक्षेच्या वेळी विद्यार्थ्यांवर कॅमेऱ्याने नजर ठेवणारं सॉफ्टवेअर वापरलं. इटलीच्या डेटा संरक्षण प्राधिकरणाने २०२१ मध्ये त्या विद्यापीठाला दोन लाख युरो दंड केला. विद्यार्थी आणि विद्यापीठ यांच्या ताकदीत एवढी तफावत असताना घेतलेली संमती मोकळेपणाने दिलेली म्हणता येत नाही, हे त्यामागचं एक कारण होतं. पुढच्या वर्षी अमेरिकेत, ओहायोतल्या क्लीव्हलँड स्टेट विद्यापीठाच्या एका विद्यार्थ्याच्या दाव्यात, परीक्षेआधी कॅमेरा फिरवून राहती खोली दाखवायला लावणं ही घटनाबाह्य झडती असल्याचा निकाल तिथल्या केंद्रीय न्यायालयाने दिला.

आपल्याकडेही २०२०-२१ मध्ये मुलांनी कॅमेरा सुरू ठेवून परीक्षा दिल्या. दहा बाय दहाच्या खोलीत, मागे आई स्वयंपाक करते आहे, भाऊ झोपला आहे, अशा अवस्थेत. त्या वेळी पर्याय नव्हता, हे मी समजू शकते. पण त्या परीक्षांत टिपलेले चेहरे आज कुठे आहेत? कंपनीकडे की विद्यापीठाकडे? पुसले असतील तर पुसल्याचं लेखी प्रमाणपत्र आहे का? प्रत्येक परीक्षा नियंत्रकाला याचं उत्तर देता यायला हवं, आणि ते विद्यार्थ्यांसमोर ठेवलं जायला हवं.

आता काही ठिकाणी हजेरीसाठी चेहरा ओळखणारी यंत्रं बसवण्याची चर्चा आहे. माझा याला स्पष्ट विरोध आहे. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, चेहरा बदलता येत नाही. पंचाहत्तर टक्के हजेरी मोजायला वर्गशिक्षकाचं रजिस्टर पुरतं. मुलं वर्गात येत नाहीत कारण सकाळची एसटी बंद झाली आहे, शिकवायला पूर्ण वेळ प्राध्यापक नाही, किंवा मुलगा पेट्रोल पंपावर काम करतो. यंत्र यातलं काहीच दुरुस्त करत नाही.

वयाचा मुद्दाही अनेकांच्या लक्षात आलेला नाही. पहिल्या वर्षाला येणारी कित्येक मुलं प्रवेशाच्या वेळी सतरा वर्षांची असतात, आणि वरिष्ठ महाविद्यालयाला जोडलेल्या कनिष्ठ महाविद्यालयात तर जवळपास सगळीच अल्पवयीन. नव्या कायद्यात अठरा वर्षांखालच्यांची माहिती हाताळायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. शैक्षणिक संस्थांना नियमांत सूट आहे, पण ती शैक्षणिक कामकाज आणि मुलांची सुरक्षितता यांपुरतीच. निकाल लागल्याच्या दुसऱ्या दिवशी क्लासवाल्यांचे फोन ज्या यादीवरून येतात, ती यादी या सवलतीत बसत नाही. ती कुठून गेली हे कुणाला माहीत नसतं, आणि कुणी शोधतही नाही.

हे फक्त लहान महाविद्यालयांचं दुखणं नाही. एप्रिल २०२३ मध्ये महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या संयुक्त पूर्वपरीक्षेची ९४ हजारांहून अधिक प्रवेशपत्रं टेलिग्रामवर आली, ऐन परीक्षेच्या तोंडावर. अभ्यास सोडून मुलं आपला अर्ज सुरक्षित आहे का याच्या चौकशीत लागली.

प्रणाली आधी आणि नियम नंतर, असा क्रम लावला की काय होतं हे या राज्याने २०१७ मध्ये पाहिलं आहे. मुंबई विद्यापीठाने उन्हाळी परीक्षांच्या सतराएक लाख उत्तरपत्रिका एकदम संगणकावर तपासायला घेतल्या. शिक्षकांचं प्रशिक्षण अपुरं, स्कॅनिंग अर्धवट, उत्तरपत्रिकांची सरमिसळ. ४७७ परीक्षांच्या निकालांसाठी कुलपतींनी, म्हणजे राज्यपालांनी, ३१ जुलैची मुदत घातली, ती पाळता आली नाही. परदेशी प्रवेश मिळालेल्या, विधी शाखेत पुढे जाऊ पाहणाऱ्या कितीतरी मुलांचं वर्ष टांगणीला लागलं. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आलं. त्या वेळी उत्तर द्यावं लागलं ते विद्यापीठाला. कंपनीशी केलेला करार कुणाच्या कामी आला नाही. नव्या डेटा कायद्याने हीच गोष्ट आता लिहून ठेवली आहे.

म्हणून करारांकडे बघा. यापुढच्या प्रत्येक निविदेत हे असायला हवं: माहितीची मालकी आणि ताबा विद्यापीठाचा, काम संपलं की ठरलेल्या दिवसांत सगळी माहिती वापरता येईल अशा स्वरूपात परत, आणि कंपनीकडची प्रत नष्ट, उपकंत्राटदाराचं नाव आधी जाहीर, आणि माहिती फुटली तर विद्यार्थ्याला भरपाई, कारण कायदा ती देत नाही. शेवटच्या अटीला कंपन्या विरोध करतील. करू द्या. विद्यार्थ्यांच्या शुल्कातून ज्यांचं बिल निघतं, त्यांनी एवढी हमी द्यायला हरकत नसावी.

हे करार विद्यापीठाच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करा, हीसुद्धा माझी मागणी आहे, आणि ती आज जास्त निकडीची आहे. नव्या कायद्याने माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(ञ) बदललं. वैयक्तिक माहिती नाकारताना सार्वजनिक हिताचा जो निकष त्या कलमातच होता, तो काढून टाकला. सार्वजनिक हित मोठं असेल तर माहिती देता येते असं सांगणारं कलम ८(२) अजून आहे, तरी यापुढे नाकारणं सोपं होणार. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्याला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क दिला, तो याच माहिती अधिकार कायद्याच्या आधाराने. डेटा संरक्षणाचं नाव पुढे करून निविदा, देयकं, समित्यांची इतिवृत्तं दडवली जाऊ लागली, तर मुलांची माहिती उघड्यावर आणि विद्यापीठाचा कारभार कुलपात अशी उफराटी स्थिती होईल. कंपनीचा करार ही कुणाची वैयक्तिक माहिती नाही.

‘आम्हाला अधिकार नाहीत, शासन धोरण ठरवेल’ हे उत्तर मला कृपया देऊ नका. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ ने माहिती तंत्रज्ञान मंडळ हे विद्यापीठाचं प्राधिकरण केलं आहे, आणि विद्यापीठात व महाविद्यालयांत तंत्रज्ञान कसं वापरावं याचं धोरण ठरवणं हेच त्याचं काम. परिनियम हा विद्यापीठाचा वरच्या दर्जाचा नियम. त्याला अधिसभा आणि कुलपतींची संमती लागते, त्यात वर्ष जाईल. अध्यादेश व्यवस्थापन परिषद काढू शकते. एका पानाच्या अध्यादेशाने सुरुवात करा. आधारची झेरॉक्स घेणं बंद. विद्यार्थ्यांच्या याद्या वैयक्तिक व्हॉट्सॲपवर टाकणं बंद. संकेतस्थळांवरच्या जुन्या याद्या तीन महिन्यांत उतरवायच्या. कुठला कागद किती वर्षं ठेवायचा याचा तक्ता. प्रत्येक महाविद्यालयात जबाबदार व्यक्ती नेमायची आणि तिच्या तासिका तेवढ्या कमी करायच्या, नाहीतर हेही काम कागदावर राहील.

माहिती तंत्रज्ञान मंडळाच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्या. बैठकीला शिष्यवृत्तीचं टेबल सांभाळणारे दोन क्लार्क आणि पहिल्या वर्षाची चार मुलं बोलवा, त्यात दोन तरी खेड्यातून येणारी असू द्या. त्यांच्या फोनवर तुमचा प्रवेशाचा फॉर्म तुमच्यासमोर भरून बघा. आमच्याकडून येणारी मंडळी आपल्या खर्चाने येतील, तारीख तेवढी कळवा.

आपली नम्र,
एक महाविद्यालयीन प्राध्यापिका